आम्रपालीच्या पांढऱ्या पेशी

माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे एक वस्ती आहे. छप्पन सालानंतर तिथल्या मंडळींनी बौद्ध धम्म घेतला आणि त्यानंतर वस्तीत जी पहिली मुलगी जन्मली तिचं नाव आम्रपाली ठेवलं. तोवर तिथं पोरींची नावं धोंडी, कचरी, नकुशी अशीच असायची. एवढं लांबलचक नाव तिच्या आईच्या, बायडाबाईच्या, जिभेवर काही बसेना. ती शेवटपर्यंत 'आमरे' म्हणूनच हाक मारत राहिली. वडील सोपान फौजेत होते. हवालदार होऊन पेन्शनवर घरी आले तेव्हा पोरगी बारावीला शास्त्र शाखेत होती. फौजेच्या दवाखान्यात त्यांनी एका माणसाला काचेवर रक्ताचा थेंब पसरून हिवताप ओळखताना पाहिलं होतं. ते काही त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"शिकायचं तर त्ये शीक," ते म्हणाले. "येका थेंबात माणूस कळतो."

आम्रपाली ते शिकली. सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागली. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या बुद्धभूषणशी लग्न झालं, पिंकी झाली. कुपवाडातच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. चार बिऱ्हाडं आणि मागच्या अंगाला दोन संडास. लॅबमध्ये तिच्यासोबत आकाराम नावाचे जुने टेक्निशियन होते, आणि दोघांच्या वर पॅथॉलॉजीच्या डॉक्टर क्रांती शिर्के.

काम रोजचं तेच. बोटाला सुई टोचायची, काचेच्या बारीक नळीत तोंडानं रक्त ओढायचं, त्यात औषध मिसळायचं आणि तो थेंब रेघा आखलेल्या जाड काचेवर सोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. चार कोपऱ्यांत चार चौकटी असतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि पन्नासनं गुणायचं. ऐंशीच्या वर पेशी आल्या, म्हणजे आकडा चार हजारांच्या वर गेला, की माणूस बरा. दोनशेच्या वर गेल्या की अंगात कुठंतरी पू, ताप, काहीतरी चाललंय. दिवसाला तीस-चाळीस माणसं अशी तिच्या डोळ्यांखालून जात. तिला वाटे, पांढऱ्या पेशी म्हणजे शहाणी जात. बोलावलं की येतात, काम झालं की जातात.

एक्क्याण्णव सालच्या थंडीत तिचं पोट बिघडलं. पहिले आठ दिवस तिनं मनावर घेतलं नाही. बाहेरची भजी खाल्ली असतील, पाणी बाधलं असेल. मग दिवसाला सहा वेळा जावं लागायला लागलं, मग नऊ वेळा. शौचात रक्त दिसलं तेव्हा नवऱ्याला सांगण्याआधी तिनं स्वतःच नमुना डबीत घेतला, लॅबमध्ये नेला आणि आकाराम जेवायला गेल्यावर काचेवर धरला. पांढऱ्या पेशी खचाखच भरल्या होत्या. लाल पेशीही होत्या. पण जंतूचं म्हणावं असं काही दिसेना. आमांशाचा अमीबा तिनं झोपेतही ओळखला असता. तिनं तीन काचा केल्या, कोपरान् कोपरा पाहिला. एकही नाही.

'मग या एवढ्या कुणासाठी जमल्यात?' असं तिच्या मनात आलं. पण तेव्हा तिनं तो प्रश्न तिथंच सोडला.

डॉक्टरांनी अमीबाच्या गोळ्या दिल्या. अमीबा दिसला नाही असं तिनं सांगितलं, तर ते म्हणाले, "नेहमी दिसतोच असं नाही." गोळ्यांनी तोंड कडू झालं, पोट होतं तसंच. पुन्हा गोळ्या. मग दुसऱ्या डॉक्टरांना शंका आली की आतड्याचा टीबी असेल. पुरावा काही नव्हता, पण आपल्याकडे आतड्याला असं झालं की बहुतेक तोच असतो, म्हणून नऊ महिने टीबीची औषधं चालली. लघवी शेंदरासारखी लाल व्हायची. बायडाबाईनं गावाकडून बेलाचा मुरंबा पाठवला, डाळिंबाच्या साली वाळवून पाठवल्या. सगळं घेऊन झालं. मधेच पंधरा दिवस बरे जायचे आणि जे चालू असेल त्याला गुण आला असं वाटायचं. मग पुन्हा एका सकाळी पोटात पीळ पडायचा.

आजाराचं दुखणं एक आणि धावण्याचं दुखणं वेगळं. कळ आली की मिनिट-दोन मिनिटांची सवलत, त्यापलीकडे नाही. सकाळी चार बिऱ्हाडांची रांग असायची. शेजारच्या शालूबाई भल्या होत्या, आपला नंबर देऊन बाजूला व्हायच्या. पण दिवसात पाचव्यांदा डबडं घेऊन कुणाच्या दारावरून जाताना मान वर करवत नाही. लॅबमध्ये संडास लांबच्या पडवीच्या टोकाला होता. एकदा एका म्हाताऱ्या बाईचं रक्त नळीत ओढलं आणि त्याच क्षणी कळ आली. आम्रपाली नळी तशीच ठेवून पळाली. परत येईतो रक्त नळीतच गोठलेलं. म्हाताऱ्या बाईचं बोट दुसऱ्यांदा टोचावं लागलं. बाईनं नुसतं बोट पुढं केलं. आम्रपालीला त्या दिवशी घरी जाऊन रडावंसं वाटलं, पण घरी गेल्यावर तेवढीही ताकद नव्हती.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डॉ. क्रांतींनी तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"वजन किती आहे तुझं?"

"एकोणचाळीस किलो."

"आणि हिमोग्लोबिन? केलंच असशील तू."

"सहा पॉइंट आठ."

डॉ. क्रांतींनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी मिरजेच्या पोटविकाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. मिरजेला दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघितलं, चार ठिकाणचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढले. ते तुकडे तपासायला आले ते डॉ. क्रांतींच्याच टेबलावर. चार दिवसांनी त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि खुर्ची मागं ओढली.

"बस. तुझंच आहे. बघायचं असलं तर बघ."

आम्रपालीनं डोळा लावला. निरोगी आतड्याची काच तिनं पाहिलेली होती. नळ्या कशा ओळीनं उभ्या, शेजारी शेजारी, टेस्ट ट्यूबा स्टँडमध्ये ठेवाव्यात तशा. इथं त्या नळ्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या, काही फुटल्या होत्या. नळ्यांच्या पोटात पांढऱ्या पेशींचे पुंजके. तुटक तुटक केंद्रकांच्या त्याच पेशी, ज्या ती दिवसभर मोजत होती. आणि तळाशी लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या, लहान पांढऱ्या पेशींची दाट गर्दी.

"जंतू?" तिनं विचारलं.

"नाहीत. टीबीही नाही, अमीबाही नाही." डॉ. क्रांती तिच्या खांद्याशी उभ्या होत्या. "याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, तुझ्या माझ्या सगळ्यांच्या. ते तिथलेच असतात, त्यांचा त्रास नसतो, आणि तिथल्या पांढऱ्या पेशींनाही ते माहीत असतं. त्या त्यांच्याकडे काणाडोळा करतात. काही माणसांत हा काणाडोळा संपतो. मग या तळाशी दिसतायत ना, लिम्फोसाइट, त्या रसायनं सोडतात. ती रसायनं म्हणजे बोलावणं. बोलावणं आलं की रक्तातल्या बाकीच्या पेशी धावत येतात आणि जे समोर असेल ते जाळत सुटतात. समोर शत्रू कुणीच नसतो. असतं ते आतड्याचं अस्तर."

"आणि थांबतात कधी?"

"थांबायचा निरोपही त्यांच्यातल्याच काही पेशी देतात. तुझ्यात तो निरोप पोचत नाही."

"का पण?"

"हे जगात अजून कुणाला नीट माहीत नाही, आम्रपाली. शोधतायत."

तिनं अजून थोडा वेळ पाहिलं. मग काच काढली, पुसली, डबीत ठेवली आणि रजिस्टरमध्ये नंबर टाकला. तिच्या मागं अकरा नमुने थांबले होते.

त्या वैशाखात बुद्धपौर्णिमेला ती गावी गेली तेव्हा सोपाननं सगळं नीट विचारून घेतलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. लेक सांगत होती आणि ते एकेक गोष्ट मान हलवून ऐकत होते.

"म्हंजी पांढऱ्या पेशी म्हंजी शिपाई," ते म्हणाले.

"व्हय, तसंच म्हणा."

"आन् शिपाई आपल्याच घरावर गोळ्या घालत्यात."

"व्हय, तात्या."

सोपान बाजेवर सरळ होऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "हुकूम कुणी दिला?"

"त्येच तर कुणाला ठावं न्हाई."

"आसं नसतंय बाय. बिगर हुकमाचा शिपाई चाप वढत न्हाई. कुणीतरी दिलाच आसणार." त्यांना ते पटेचना. बावीस वर्षं त्यांनी हुकमावर काढली होती. "बरं, मग त्यांची हत्यारं काढून घ्या म्हनावं."

"तेच औषध सुरू केलंय. हत्यारंच काढून घेतंय ते. पर मग खरा चोर आला तर काय करायचं, ह्येबी हाय."

"आमरे, ऊठ, दोन घास खा," बायडाबाई आतून म्हणाली. आम्रपालीला खायची भीती वाटायची. खाल्लं की धावावं लागे. तिनं आईसमोर अर्धी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली आणि मग घराच्या मागं ओढ्याकडे गेली. भर दुपारी, उघड्यावर, छत्री आडवी धरून.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं. भूक इतकी लागायची की डबा पुरेना. पण चेहरा सुजला, गाल वर आले, मानेमागे मांस चढलं, झोप उडाली. शालूबाई म्हणाल्या, "आता कशी भरलीस बघ गं! दृष्ट काढाय पायजे." आम्रपाली हसली. स्वतःचं रक्त मोजलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसायच्या. तिला ठाऊक होतं की त्या गोळीनं पेशी आपापल्या जागेवरून सुटून रक्तात नुसत्या फिरत राहतात, आकडा फुगतो आणि कामाला कुणी नसतं. गोळ्या कमी करायला घेतल्या की दोन-चार आठवड्यांत पुन्हा पीळ, पुन्हा रक्त. वाढवल्या की चेहरा. असं चढउतार करत दीड वर्ष गेलं. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तिला अंथरुणातून उठवेना, तेव्हा सात वर्षांच्या पिंकीला गावी बायडाबाईकडे ठेवलं. गावच्या शाळेत नाव घातलं.

"महिन्या-दोन महिन्यांचं काम हाय," भूषण पिंकीला म्हणाला होता.

ते काम दीड वर्षाचं झालं. पिंकी सुट्टीला आली की आजीसारखं बोलायची. एकदा झोपेत तिनं "आये" म्हणून हाक मारली. आम्रपालीनं ओ दिली तर डोळे उघडून म्हणाली, "तू न्हाई."

पंच्याण्णवच्या शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी नवं औषध काढलं, अझाथायोप्रिन. पांढऱ्या पेशी तयार होतात तिथंच हे आवर घालतं, असं त्यांनी समजावलं. गुण यायला तीन महिने लागतील. आणि दर पंधरा दिवसांनी पेशी मोजायच्या. साडेतीन हजारांच्या खाली गेल्या की कळवायचं, तीन हजारांच्या खाली गेल्या तर औषध त्याच दिवशी बंद. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा," ते हसून म्हणाले, "तुमचं तर कामच ते."

डॉ. क्रांतींनी मात्र बजावलं होतं. "तुझं रक्त आकारामनं मोजायचं. तू नाही."

चौथ्या महिन्यात आम्रपाली एका सकाळी जागी झाली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, की पोट गप्प आहे. पुढचे दिवसही तसेच गेले. दिवसातून एकदा, दोनदा, बस. रक्त नाही. चेहऱ्याची सूज उतरली. एका रविवारी ती आणि भूषण सायकलवरून सांगलीला गेले, कृष्णेच्या घाटावर बसून भेळ खाल्ली आणि संडास कुठं आहे हे तिनं एकदाही पाहिलं नाही. शहाण्णवच्या जूनमध्ये पिंकीला परत आणलं आणि कुपवाडच्या शाळेत तिसरीत घातलं. पोरगी पहिले काही दिवस बुजली, मग शालूबाईंच्या नातीशी जोडी जमली. संध्याकाळी आम्रपाली तिच्या केसांना तेल लावायची. पिंकी पाढे म्हणायची आणि मधेच थांबून विचारायची, "मम्मी, आता न्हाई ना जायचं?"

"न्हाई," आम्रपाली म्हणायची.

ऑगस्टमध्ये आकाराम आठ दिवस रजेवर गेले. आम्रपालीचा पंधरवडा भरला होता. तिनं स्वतःच बोट टोचलं, नळी भरली, काच लावली. चार कोपरे मोजले. अठ्ठावन्न. दुसरा थेंब घेऊन पुन्हा मोजले. एकोणसाठ. गुणाकार करायची गरज नव्हती. तीन हजारांच्या खाली.

तिनं काच पुसून ठेवली. बाहेर माणसं बसली होती, कुणाचं पोर रडत होतं. तिनं रजिस्टर उघडलं, आपल्या नावापुढं चार हजार दोनशे लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

लिहायला एक क्षणही लागला नाही. नंतर ती सांगायची की तेच तिला जास्त लागलं. इतक्या सहज लिहिलं गेलं. सोळा वर्षांत एका माणसाचा आकडा तिनं पाचानं इकडचा तिकडे केला नव्हता.

आकाराम परतले, पण पुढच्या वेळी ती म्हणाली, "तुमच्यापुढं एवढी रांग हाय. माझं मी बघते." त्यांनी मान डोलावली. त्या वेळी बेचाळीस पेशी आल्या. तिनं चार हजार लिहिलं. घरी आल्यावर गोळी हातात घेतली, पिंकीकडे पाहिलं आणि पाण्याबरोबर गिळली. तिला सगळं कळत होतं. बेचाळीस म्हणजे काय ते तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार होतं? पण चार वर्षं धावून धावून माणूस एकदाचं बसलेलं असतं. त्याला ऊठ म्हणायला फार मोठा धीर लागतो, आणि तो तिच्याजवळ उरला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या दिवशी दम. भूषणनं रिक्षानं तिला दवाखान्यात नेलं. तिथं आकाराम स्वतः रक्त घ्यायला आले. अर्ध्या तासानं ते डॉ. क्रांतींना घेऊनच वॉर्डात आले. त्यांच्या हातातल्या कागदावर अकराशे लिहिलं होतं. छातीच्या फोटोत उजव्या बाजूला न्यूमोनिया.

"पंधरा दिवसांपूर्वी चार हजार होत्या," आकाराम म्हणाले. "येवढ्या अशा कशा पडल्या?"

आम्रपालीनं नाकावरची ऑक्सिजनची नळी सारखी केली.

"नव्हत्या," ती म्हणाली. "एकवीसशे होत्या. त्याच्या आधी एकोणतीसशे. मी खोटं लिहिलं."

आकाराम खालमानेनं उभे राहिले. पलंगाच्या पायथ्याशी भूषण होता. त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

डॉ. क्रांती स्टुलावर बसल्या. "दुसऱ्या कुणाचा आकडा असा लिहिला असतास?"

"नाही. कधीच नाही."

"मग स्वतःचा का?"

"थकले होते, मॅडम." दम लागत होता, म्हणून ती थांबून थांबून बोलली. "मला थोडं बसायचं होतं. तेवढंच."

डॉ. क्रांतींनी रागवायचं म्हणून तोंड उघडलं होतं. पण त्यांनी नुसता तिचा हात पांघरुणात घातला आणि त्या उठल्या. संध्याकाळी त्यांनी दोन्ही चुकीचे आकडे तांबड्या शाईनं खोडून खरे लिहिले आणि खाली स्वतःची सही केली.

अठरा दिवस ती दवाखान्यात होती. त्यातले चार दिवस असे होते की भूषणनं माणला निरोप पाठवला आणि सोपान-बायडाबाई येऊन पडवीत बसून राहिले. औषध बंद झालं होतं. इंजेक्शनं चालली होती. आकाराम रोज सकाळी यायचे, रक्त घ्यायचे आणि दुपारी आकडा सांगायला स्वतः वर यायचे. तेराशे. सतराशे. चोवीसशे. न्यूमोनिया ओसरला. एकदा ते हसत आले, "चार हजार सहाशे. खरं हाय बरं का, दोनदा मोजलंय." आम्रपालीही हसली. त्याच आठवड्यात शौचात पहिलं रक्त दिसलं. पेशी परत आल्या होत्या आणि परत येऊन आपल्या जुन्याच कामाला लागल्या होत्या.

घरी आल्यावर भूषण आठ दिवस तिच्याशी धड बोलला नाही. नवव्या दिवशी ताट पुढं सरकवत म्हणाला, "मला तरी सांगायचं हुतंस."

"सांगितलं आसतं तर तुमी गोळी घेऊ दिली नसती."

"न्हाईच दिली आसती!"

"म्हणून न्हाई सांगितलं."

"पिंकी आईबिगर ऱ्हाईली आसती तर काय केलं आसतं मी?" एवढंच तो म्हणाला. पिंकीला या वेळी मात्र गावी पाठवायचं नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं. उलट बायडाबाई शेरडं दिराच्या हवाली करून कुपवाडला येऊन राहिली.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत मिरजेला ऑपरेशन झालं. सबंध मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणून तिथं पिशवी लावली. डॉक्टरांनी आधी चित्र काढून दाखवलं होतं. "पांढऱ्या पेशींचं भांडण ज्या जागेशी आहे ती जागाच काढायची," ते म्हणाले. "पेशींना आपण समजावू शकलो नाही." सोपाननं हे ऐकलं तेव्हा ते कळवळले. शिपायांना आवरता आलं नाही म्हणून गावच उठवायचं, असलं काही त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

काढलेलं आतडं तपासणीला डॉ. क्रांतींकडे गेलं. आम्रपाली भेटायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, काचा तयार आहेत, बघणार का?

"नको," ती म्हणाली. "पुष्कळ बघितलं."

पिशवीचं जमवायला वर्ष गेलं. सुरुवातीला ती गळायची, कातडी सोलवटून निघायची, साडीवर डाग पडायचा. बायडाबाईला तिकडे बघवत नसे, पण धुवायचं पाणी तीच तापवून द्यायची. विहारातल्या धम्मवर्गाला जायचं आम्रपालीनं सहा महिने टाळलं, वास येईल म्हणून. मग एका रविवारी भूषणनंच चपला दारात आणून ठेवल्या. ती गेली. कुणाला वास आला नाही. आला असला तरी कुणी बोललं नाही. लॅबमध्ये परत रुजू झाली तेव्हा पहिल्या दिवशी छत्तीस रक्तं मोजली आणि एकदाही उठली नाही. पण संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढता पलंगावर आडवी झाली. सहा वर्षांचा शीण काही आतड्याबरोबर कापून निघाला नव्हता. तो तिच्या हाडांत मुरला होता. वजन वाढलं, हिमोग्लोबिन अकरावर आलं, डॉक्टर खूश झाले. शीण मात्र होता तसाच राहिला. रविवारी दुपारी जेवण झालं की ती झोपायची, आणि त्या झोपेत तिला उठवायचं नाही असा घरात नियमच पडला.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये अशाच एका रविवारी मेढ्याहून दोन माणसं पत्ता शोधत आली. अंजना नावाची एक शेतकरी बाई आणि तिची एकोणीस वर्षांची पोरगी. पोरगी काडीसारखी झालेली, चेहरा तेवढा गोल. डॉ. क्रांतींनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. भूषणनं त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

"ताई हायत का?" अंजनानं विचारलं.

"हाय. झोपलीया. चारला उठंल."

"आजारी हायत व्हय?"

"आजारी न्हाई," भूषण म्हणाला. "दमलीया."

अंजना मेढ्याहून तीन एसट्या बदलून आली होती, तरी तिनं उठवा म्हटलं नाही. मग हळू आवाजात बोलायला लागली. पोरगीला डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, पिशवी लावा. पोरगी म्हणते त्यापरीस मेलेलं बरं. लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. घरची म्हणतात बाहेरचं काहीतरी असेल. "आवं दादा, आपल्याच अंगानं आपल्याला आसं का करावं? काय वाईट केलंय हिनं?"

आत आम्रपाली जागी झाली होती. घड्याळात सव्वातीन झाले होते. आणखी पाऊण तास पडता आलं असतं. डोळे मिटून तिनं ऐकलं. मधेच पोरगीनं घाईनं, खालच्या आवाजात विचारलं, "संडास कुठंय?" आणि भूषणनं मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

आम्रपाली उठली. तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला. पोरगी परत आली तेव्हा ती मागच्या दारातच उभी होती. पोरगीनं लाजून मान खाली घातली.

"नाव काय गं तुझं?"

"अर्जुना."

"किती वेळा जावं लागतंय?"

"बारा. कधी पंधरा."

"हं." आम्रपालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "आपल्या पेशी असं का करतात, हे तुझी आई विचारत होती. ते मला माहीत नाही. वीस वर्षं मोजतेय, तरी माहीत नाही. दुसरं काय विचारायचं असलं तर विचार."

अर्जुनानं तिच्या पोटाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "दिसतं कसं त्ये?"

आम्रपालीनं तिला आतल्या खोलीत नेलं. दाराची कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

"बस इथं," ती म्हणाली. "आधी बघून घे. घाई नाही."